ऑटोक्रॉसची जिप्सी : आधी ताकद की आधी सुरक्षा?

पावसाळा सरतो, माळावरची माती वाळू लागते आणि गावाबाहेरच्या एखाद्या मोकळ्या जमिनीवर चुन्याच्या रेषा आणि जुन्या टायरच्या चळती दिसू लागतात. दीड-दोन किलोमीटरचा वळणावळणांचा कच्चा मार्ग, त्यावर एका वेळी एक किंवा दोन गाड्या आणि सेकंदाचे तुकडे मोजणारे घड्याळ. 'ऑटोक्रॉस' या मोटारक्रीडेचे थोडक्यात स्वरूप असे आहे. मोठ्या रॅलीला लागणारे दिवस, सहचालक आणि मदतीच्या गाड्यांचा ताफा इथे लागत नाही. त्यामुळे मोटारक्रीडेत पहिले पाऊल टाकणाऱ्या अनेक तरुणांना ऑटोक्रॉसची वाट जवळची वाटते.

मात्र वाट जवळची असली तरी ती सोपी नाही. रस्त्यावर धावणारी साधी गाडी जशीच्या तशी या मार्गावर उतरवली, तर ती फार तर दोन-चार फेऱ्या टिकते. मग बदल सुरू होतात. क्लच बदला, गिअरचे गुणोत्तर बदला, इंजिनाची ताकद वाढवा, असे सल्ले चहूबाजूंनी मिळू लागतात. सुरक्षेच्या साधनांचा विषय निघाला, की 'पुढच्या वर्षी बघू' असे उत्तर येते. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, हे खरेच. म्हणूनच हाताशी असलेला मर्यादित पैसा कोणत्या क्रमाने खर्च करायचा, हा या खेळातला कळीचा प्रश्न ठरतो. अनेकदा जिंकणे-हरणे त्यावर अवलंबून असते आणि कधी कधी जीवही.

नाव एक, खेळ तीन

'ऑटोक्रॉस' या नावाखाली जगभर एकच खेळ खेळला जात नाही. अमेरिकेत विस्तीर्ण वाहनतळावर किंवा जुन्या धावपट्टीवर प्लॅस्टिकचे शंकू मांडून, डांबरी पृष्ठभागावर, एकेका गाडीची वेळ मोजली जाते. तिथे वेग तुलनेने कमी आणि आदळण्यासारखे आसपास फारसे काही नसते. त्यामुळे प्राथमिक गटात चांगल्या स्थितीतली गाडी, मूळचा पट्टा आणि हेल्मेट एवढ्यावर काम भागते. युरोपात याच नावाने मातीच्या मार्गावर एकाच वेळी अनेक गाड्यांची शर्यत होते. भारतातली पद्धत या दोहोंच्या मधली. मार्ग मातीचा, पण झुंज प्रामुख्याने घड्याळाशी.

हा फरक समजून घेणे आवश्यक आहे, कारण परदेशी माहिती वाचून गाडीत बदल करणाऱ्यांची इथेच फसगत होते. डांबरावर घसरलेली गाडी बहुधा फक्त गोल फिरते. मातीत घसरणाऱ्या गाडीचे चाक चाकोरीत किंवा खड्ड्यात अडकले, तर ती आडवी होऊन उलटू शकते. डांबरावर 'अतिरेक' वाटणारे संरक्षण मातीत 'किमान' ठरते, ते यामुळेच.

भारतातील मोटारक्रीडेचे नियमन चेन्नईस्थित 'फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया' ही संस्था करते. ती 'एफआयए' या आंतरराष्ट्रीय महासंघाशी संलग्न आहे. कोणत्या वर्गात कोणते बदल चालतात आणि कोणती साधने सक्तीची आहेत, हे त्या त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेवरून ठरते. पाना हातात घेण्यापूर्वी ही पुस्तिका हातात घ्यावी. तिच्यात न बसणारा महागडा भाग बसवला, तर गाडी वेगवान होते खरी, पण वर्गाबाहेर जाते.

जिप्सीचे उदाहरण

भारतीय मातीवरच्या स्पर्धांशी सर्वाधिक जोडले गेलेले नाव म्हणजे मारुती जिप्सी. १९८५ मध्ये बाजारात आलेल्या या गाडीने तीन दशकांहून अधिक काळ लष्करापासून रॅलीपर्यंत सर्वत्र सेवा बजावली. २०१९ मध्ये तिची सर्वसामान्यांसाठीची विक्री थांबली, तरी जुन्या जिप्सी आजही माळरानावर दिसतात. सुटे भाग, ते जोडणारे मिस्त्री आणि वर्षानुवर्षांचा अनुभव ही त्यामागची कारणे होत.

नंतरच्या काळातील जिप्सीचे इंजिन १२९८ सीसीचे, १६ व्हॉल्व्हचे आणि सुमारे ८० अश्वशक्तीचे आहे. गाडीचे वजन साधारण एक टन. शिडीच्या आकाराची भक्कम चॅसी, पुढे-मागे सलग ॲक्सल, पाट्यांची स्प्रिंग आणि गरजेनुसार जोडता येणारी चारही चाकांची ओढ, अशी तिची रचना साधी व दणकट आहे. तिची उणीवही याच रचनेत दडलेली आहे. गाडीची रुंदी १५४० मिलिमीटर, तर कापडी टपाच्या जिप्सीची उंची १८७५ मिलिमीटर. रुंदीपेक्षा उंची जास्त असलेली गाडी वळणात कशी वागेल, हे वेगळे सांगायला नको. शिवाय कापडी टपाच्या गाडीत चालकाच्या डोक्यावर धातूचे छत नसते. जिप्सीच्या बाबतीत ताकद आणि सुरक्षा हे प्रश्न एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत, ते याच कारणाने.

ताकद चाकापर्यंत कशी पोहोचते?

इंजिनात निर्माण झालेली ताकद थेट चाकाला मिळत नाही. ती आधी क्लचमधून गिअरबॉक्समध्ये येते. तिथून एका आखूड शाफ्टने 'ट्रान्स्फर केस'मध्ये जाते. या पेटीतून दोन प्रोपेलर शाफ्ट निघतात, एक पुढच्या आणि एक मागच्या ॲक्सलकडे. प्रत्येक ॲक्सलच्या मध्यावर क्राउन-पिनियन आणि डिफरन्शिअल असते. तिथून डाव्या-उजव्या शाफ्टमार्फत ताकद चाकांपर्यंत पोहोचते. या संपूर्ण मालिकेला 'ड्राइव्हट्रेन' म्हणतात.

नवखा स्पर्धक बहुधा सुरुवात इंजिनापासून करतो. प्रत्यक्षात मातीवर ८० अश्वशक्तीसुद्धा पूर्णपणे वापरली जात नाही. चाके जागेवरच फिरतात, क्लच घसरतो, चुकीच्या गिअरमुळे वळणातून बाहेर पडताना इंजिन गुदमरते. अशा वेळी इंजिनाची ताकद वाढवणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आधी, आहे ती ताकद चाकापर्यंत आणि चाकापासून मातीपर्यंत पोहोचते का, हे पाहायला हवे.

त्याहीआधीची पायरी आहे डागडुजीची. प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचे क्रॉस, बेअरिंग, इंजिन व गिअरबॉक्सखालची रबरी माउंटिंग, पाट्यांचे बुश आणि सगळी तेले यांची तपासणी झाल्याशिवाय नव्या भागाचा विचार करू नये. झिजलेल्या माउंटिंगमुळे इंजिन हलते आणि गिअर अडकतो. दोष मात्र गिअरबॉक्सला दिला जातो.

क्लच आणि फ्लायव्हील

ऑटोक्रॉसमध्ये प्रत्येक फेरीची सुरुवात उभ्या गाडीने होते. इंजिनाच्या फेऱ्या वाढवून क्लच सोडला जातो. त्या दोन-तीन सेकंदांत क्लचप्लेटवर येणारी उष्णता शहरातल्या दिवसभराच्या वापराहून अधिक असू शकते. एक्सलेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नसेल, तर क्लच घसरत आहे असे समजावे.

यावरचा पहिला उपाय म्हणजे अधिक दाब देणारी प्रेशर प्लेट आणि चांगल्या दर्जाची, नेहमीच्याच प्रकारची क्लचप्लेट. त्यापुढची पायरी धातुमिश्रित बटणांच्या क्लचप्लेटची. ती उष्णता अधिक सोसते. मात्र झटक्याने पकडते. हा झटका पुढच्या प्रत्येक भागाला सोसावा लागतो. क्लच मजबूत केला, की आतापर्यंत घसरून वाचणारे क्रॉस आणि ॲक्सल शाफ्ट तुटू लागतात, असा अनुभव म्हणूनच येतो. एखादा भाग बदलताना त्याच्या पुढचा भाग हा भार पेलेल का, हा प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.

फ्लायव्हील हलके केल्यास इंजिनाच्या फेऱ्या लवकर चढतात व उतरतात. त्यासाठी मूळचे फ्लायव्हील लेथवर लावून त्याचे वजन उतरवण्याची पद्धत आहे. मात्र बिडाच्या फ्लायव्हीलमधून नको तिथले आणि नको तितके धातू काढले, तर मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या वेगात त्याचे तुकडे होण्याचा धोका असतो. फुटलेल्या फ्लायव्हीलचे तुकडे बेल हाउसिंग फोडून थेट चालकाच्या पायांच्या दिशेने येऊ शकतात. काम अनुभवी माणसाकडून, संतुलन तपासूनच करून घ्यावे. शक्य असेल तर खास बनवलेले पोलादी फ्लायव्हील वापरावे. ताकदीचा प्रश्न सुरक्षेचा प्रश्न कसा होतो, याचे हे पहिले उदाहरण.

डिफरन्शिअल : वळणातला चोर

वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरण्याची मोकळीक डिफरन्शिअल देते. रस्त्यावर ही मोकळीक वरदान असते. मातीत तीच अडचण होते. वेगात वळताना गाडी बाहेरच्या बाजूला झुकते, आतल्या चाकावरचा भार कमी होतो आणि ते जागेवर फिरू लागते. साधे डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देत असल्याने, पकड सुटलेल्या चाकाला जेवढा पीळ पेलतो, तेवढाच पकड असलेल्या चाकालाही मिळतो. परिणामी इंजिन ओरडते, धूळ उडते आणि गाडी मात्र रेंगाळते.

यावरचा उपाय 'लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल'. त्याचे दोन प्रकार प्रचलित आहेत. पहिल्यात छोट्या घर्षण-चकत्यांचा संच असतो. एका बाजूचे चाक अधिक फिरू लागले, की चकत्या एकमेकींवर दाबल्या जाऊन दोन्ही शाफ्ट बऱ्याच अंशी एकत्र फिरतात. हा प्रकार मातीत परिणामकारक असतो, पण चकत्या झिजतात आणि ठराविक काळाने उघडून दुरुस्त कराव्या लागतात. दुसऱ्या प्रकारात तिरक्या दात्यांचे गिअर असतात. ते सौम्यपणे काम करतात आणि कमी झिजतात. मात्र एखादे चाक पूर्णपणे अधांतरी गेले, तर त्यांचा प्रभाव जवळजवळ संपतो.

तिसरा, घरगुती उपाय म्हणजे डिफरन्शिअलचे गिअर वेल्डिंग करून कायमचे जोडून टाकणे. खर्च नगण्य, म्हणून मोह मोठा. पण मग दोन्ही चाके सदैव एकाच गतीने फिरतात. गाडी वळायला नकार देते आणि सारा पीळ ॲक्सल शाफ्टवर येतो. जिप्सीच्या मागच्या शाफ्टला चाक फिरवण्याबरोबर गाडीचे वजनही पेलावे लागते. तो तुटला तर फेरी वाया जाण्यावरच भागेल असे नाही. चाक निखळण्याचीही भीती असते. स्पर्धेच्या गाडीचे शाफ्ट ठराविक काळाने उतरवून बारीक भेगांसाठी तपासणे म्हणूनच गरजेचे ठरते.

क्राउन-पिनियनचे गणित

पिनियनच्या किती फेऱ्यांमध्ये ॲक्सलची एक फेरी होते, ते क्राउन-पिनियनच्या गुणोत्तरावरून कळते. हे गुणोत्तर वाढवले, की चाकांना मिळणारा पीळ वाढतो आणि प्रत्येक गिअरमधला कमाल वेग कमी होतो. उदाहरणादाखल, गुणोत्तर ३.७ वरून ४.१ वर नेले, तर चाकांवरचा पीळ सुमारे ११ टक्क्यांनी वाढेल. दुसऱ्या गिअरमध्ये पूर्वी ताशी ७४ किलोमीटर गाठणारी गाडी आता तितक्याच फेऱ्यांना ताशी ६७ किलोमीटरवर थांबेल.

हे चांगले की वाईट, हे मार्ग ठरवतो. अरुंद आणि वळणांच्या मार्गावर गाडी ताशी ६५ च्या पुढे जातच नसेल, तर हा बदल लाभदायक आहे. पण दोन वळणांमध्ये लांब सरळ पट्टा असेल, तर त्याच गुणोत्तरामुळे मध्येच तिसरा गिअर टाकावा लागतो आणि वळणापूर्वी पुन्हा दुसरा. गिअरच्या प्रत्येक बदलाबरोबर मिळवलेला वेळ निसटतो.

जिप्सीसारख्या गाडीत इथे एक सापळा आहे. चारही चाकांची ओढ जोडली, की पुढचा व मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांशी पक्के जोडले जातात. गुणोत्तर फक्त मागे बदलले आणि पुढे तसेच ठेवले, तर दोन्ही ॲक्सल वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात. ट्रान्स्फर केस मधल्यामध्ये पिळवटून निघते आणि काही तरी तुटल्याशिवाय हा संघर्ष संपत नाही. चारही चाकांची ओढ वापरायची असेल, तर दोन्ही ॲक्सलचे गुणोत्तर एकच हवे. हीच गोष्ट टायरच्या व्यासाची. पुढे-मागे वेगवेगळ्या मापाचे टायर लावूनही तोच परिणाम होतो.

ड्राइव्हट्रेनमधला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे प्रोपेलर शाफ्टभोवतीची पोलादी कडी. क्रॉस तुटून शाफ्टचे पुढचे टोक खाली पडले, तर ते जमिनीत रुतते आणि धावती गाडी त्यावर उचलली जाऊ शकते. ही कडी शाफ्टला खाली पडू देत नाही. कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात ती करून मिळते.

ताशी साठ म्हणजे किती?

'ऑटोक्रॉसमध्ये वेग असतो तरी किती?' असा युक्तिवाद सुरक्षेचा खर्च टाळताना केला जातो. साधे गणित त्याला उत्तर देते. ताशी ६० किलोमीटर वेगाने एखाद्या अचल वस्तूवर आदळणे म्हणजे १४ मीटर उंचीवरून जमिनीवर कोसळण्यासारखे आहे. चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडणे कोणीही क्षुल्लक मानणार नाही.

रोलकेज : पिंजरा, पण कशाचा?

गाडी उलटल्यावर चालकाभोवतीची जागा शाबूत ठेवणे, हे रोलकेजचे काम. चालकाच्या मागची मुख्य कमान, पुढच्या काचेच्या कडेने जाणारे खांब, मागे उतरणारे तिरके आधार, मुख्य कमानीतली कर्णरेषेतली नळी आणि दारांलगतच्या आडव्या नळ्या, असे त्याचे अवयव असतात. कर्णाच्या नळीवाचून कमान म्हणजे चौकट. बाजूने दाब आला की ती कलते.

'एफआयए'चे निकष या बाबतीत स्पष्ट आहेत. नळी बिनजोड, थंड अवस्थेत ओढलेल्या कार्बन पोलादाची हवी. मुख्य कमानीसाठी ती ४५ मिलिमीटर व्यासाची व २.५ मिलिमीटर जाडीची, किंवा ५० मिलिमीटर व्यासाची व २ मिलिमीटर जाडीची असावी. नळी वाकवताना वळणाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट ठेवावी लागते. वाकवलेल्या जागी नळी चपटी झाली किंवा तिला सुरकुती पडली, तर नेमकी तिथेच ती दुमडते. प्रत्येक पायाखाली किमान ३ मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची पोलादी पट्टी लागते. पातळ पत्र्यावर थेट उभा केलेला पाय उलटताना पत्रा फाडून खाली जातो.

या पार्श्वभूमीवर, पाण्याच्या पाइपाला वेल्डिंग करून रंग दिलेला 'रोलकेज' फसवा ठरतो. दिसायला तो हुबेहूब असतो. तो निकामी आहे हे गाडी उलटल्यावरच समजते आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

आसन, पट्टा आणि मान

स्पर्धेचे आसन मागे कलत नाही; ते एकसंध असते आणि चालकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवते. आसन जितके महत्त्वाचे, तितकीच त्याची बैठक. निकषांनुसार प्रत्येक आसनाला किमान चार ठिकाणी ८ मिलिमीटरचे बोल्ट लागतात. नामांकित कंपनीचे आसन आणून ते भंगारातल्या पट्टीवर बसवणे, म्हणजे टोलेजंग इमारत भुसभुशीत मातीवर उभी करणे.

पट्ट्यांच्या बाबतीत सहा टोकांचा हार्नेस अधिक सुरक्षित मानला जातो. चार टोकांच्या हार्नेसमध्ये खांद्याचे पट्टे आवळले, की कमरेचा पट्टा पोटाकडे वर ओढला जातो. धडकेच्या वेळी शरीर त्याखालून पुढे सरकते आणि पट्टा पोटातल्या नाजूक अवयवांवर रुततो. मांड्यांमधून जाणारे दोन पट्टे हे टाळतात. खांद्याचे पट्टे मागे फार उताराने बांधणेही घातक, कारण धडकेत ते पाठीचा कणा खाली दाबतात. पट्ट्यांवर मुदतीची तारीख असते, कारण ऊन आणि धूळ यांनी धागा कमजोर होतो. एकदा मोठ्या धडकेतून गेलेला पट्टा, वरून धड दिसला तरी, पुन्हा वापरू नये.

दुचाकीचे हेल्मेट मोटारीत चालते का, हा नेहमी विचारला जाणारा प्रश्न. मोटारशर्यतीच्या हेल्मेटची आग सोसण्याची आणि रोलकेजच्या नळीवर डोके आदळण्याची स्वतंत्र चाचणी होते. दुचाकीच्या हेल्मेटकडून या दोन्ही अपेक्षा नसतात. दोहोंतला फरक केवळ किमतीचा नाही, तो इथे आहे.

डोके सांभाळले तरी मानेचा प्रश्न उरतो. पट्ट्यांनी धड जागेवर रोखले जाते. हेल्मेटसह डोके मात्र पुढे फेकले जाते आणि कवटीच्या तळाशी जीवघेणा ताण येतो. १९८१ मध्ये शर्यतीच्या गाडीचा चालक पॅट्रिक जॅकमार याचा अशाच दुखापतीने मृत्यू झाला. त्यानंतर अमेरिकी चालक जिम डाउनिंग आणि त्यांचे मेहुणे, जैवयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी 'हान्स' हे उपकरण विकसित केले. खांद्यांवर बसणारे हे जू हार्नेसखाली दाबले जाते आणि दोन पट्ट्यांनी हेल्मेटला बांधलेले असते. चालकांनी ते अनेक वर्षे अवजड म्हणून नाकारले. फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोना ५०० शर्यतीच्या अखेरच्या फेरीत डेल अर्नहार्ट यांचा मृत्यू झाला आणि चित्र पालटले. त्याच वर्षी 'नॅसकार'ने मान व डोके रोखणारे साधन सक्तीचे केले. २००३ पासून फॉर्म्युला वनमध्येही 'हान्स' अनिवार्य झाले. साधन उपलब्ध होते, सक्ती मात्र वरातीमागून आली.

आग, वीज आणि कपडे

उलटलेल्या गाडीतून पेट्रोल गळणे आणि तारांमध्ये ठिणगी पडणे, हा संयोग सर्वांत भयावह. म्हणून बॅटरी, इंजिन आणि सर्व विद्युतप्रवाह एका झटक्यात तोडणारा 'किल स्विच' बसवतात. तो पट्टा बांधलेल्या चालकाच्या हाताला लागला पाहिजे आणि बाहेरून धावत आलेल्या स्वयंसेवकालाही. बाहेरची खूण ठरलेली आहे : पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात लाल ठिणगी. गाडी ओढण्याचे हूकही ठळक रंगाचे असावेत, म्हणजे धुळीत शोधावे लागत नाहीत.

अग्निशामक नळकांडे किमान दोन किलो पावडरचे असावे आणि धातूच्या दोन पट्ट्यांनी घट्ट बांधलेले असावे. सैल नळकांडे धडकेत स्वतःच तोफगोळा होते. त्याची तपासणी दर दोन वर्षांनी आवश्यक असते. बॅटरी पक्की बांधलेली असणे हेही तितकेच महत्त्वाचे.

कपड्यांबाबत एकच गोष्ट लक्षात ठेवावी. नायलॉन व पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते. नोमेक्ससारख्या तंतूंचा पोशाख वितळत नाही. तो काही मोलाचे सेकंद मिळवून देतो. तेवढ्या वेळात पट्टा सोडून बाहेर पडायचे असते. म्हणून पट्टा सोडून उतरण्याचा सराव घरी, डोळे मिटून, करणे उपयुक्त ठरते.

अर्धवट संरक्षण अधिक घातक

ही साधने सुटी नसतात, ती एकमेकांवर अवलंबून असतात. हे लक्षात न घेता एकेक वस्तू बसवत गेल्यास धोका कमी होण्याऐवजी वाढू शकतो. रोलकेज आहे पण हेल्मेट नाही, तर किरकोळ धडकेतही डोके पोलादी नळीवर आदळते. रोलकेज बसवलेली गाडी रोजच्या वापरात ठेवणे याचसाठी धोकादायक. हार्नेस आहे पण रोलकेज नाही, तर गाडी उलटल्यावर वरचा भाग खाली दबतो आणि जखडलेल्या चालकाला बाजूला झुकताही येत नाही. हार्नेस आहे पण आसन मूळचेच, तर पट्ट्यांना योग्य मार्ग मिळत नाही. म्हणून रोलकेज, आसन, हार्नेस आणि हेल्मेट ही चार साधने एकच खरेदी समजावी. पैसे चारही घेण्याइतके जमेपर्यंत मूळ पट्ट्यासह, हेल्मेट घालून, नवख्यांच्या वर्गात नियम परवानगी देतील तेवढेच उतरणे शहाणपणाचे.

कायदा आणि विमा

स्पर्धेसाठी बदललेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणता येते का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. स्पर्धेची गाडी ट्रेलरवरून नेण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरावा, तो याच कारणाने.

विम्याची स्थिती याहून अनपेक्षित आहे. भारतातील नेहमीच्या मोटार विम्यात संघटित शर्यत व वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. ऑटोक्रॉसमध्ये गाडी आपटली, तर नुकसान मालकाचेच. आयोजकांनी स्पर्धकांसाठी अपघात विमा काढला आहे का आणि त्यात काय येते, हे प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.

खर्चाचा क्रम

एकूण विचार करता खर्चाचा क्रम असा लागतो :

* पहिल्यांदा डागडुजी : ब्रेक, स्टिअरिंग, क्रॉस, बेअरिंग, माउंटिंग, तेले. ब्रेकचे तेल नवे आणि चांगल्या प्रतीचे असावे; जुन्या तेलात ओलावा शिरून ते लवकर उकळते आणि पेडल खाली जाते.
* त्यानंतर संरक्षण : रोलकेज, आसन, हार्नेस आणि हेल्मेट एकत्र, सोबत किल स्विच, अग्निशामक आणि शाफ्टची कडी.
* मग टायर आणि क्लच.
* पुढे लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल, तपासलेले किंवा मजबूत शाफ्ट आणि मार्गाला साजेसे क्राउन-पिनियन.
* इंजिनाची ताकद वाढवण्याचा विचार सर्वांत शेवटी.

या क्रमात संरक्षण आधी येते, ते केवळ भीतीपोटी नव्हे. घट्ट आसनात नीट बांधलेल्या चालकाला शरीर सावरण्यासाठी स्टिअरिंगला लोंबकळावे लागत नाही. हात मोकळे राहतात, पायांना पेडलचा अंदाज येतो आणि मागचे चाक कुठे घसरते आहे, हे पाठीला लगेच कळते. इंजिनाला हात न लावताही फेरीची वेळ कमी होते.

स्पर्धेच्या सकाळी तपासनीस प्रत्येक गाडीभोवती फिरतात. पट्टा ओढून पाहतात, बॅटरी हलवून पाहतात, वेल्डिंगवर टॉर्च धरतात आणि मुदत संपलेले हेल्मेट बाजूला ठेवतात. बाद झालेल्या स्पर्धकाला त्या क्षणी ते शत्रू वाटतात. पण मार्गावर निघालेल्या माणसाने संध्याकाळी स्वतःच्या पायांनी घरी परतावे, एवढाच त्यांचा आग्रह असतो. फेरीची वेळ पुढच्या रविवारी सुधारता येते. त्यासाठी पुढचा रविवार पाहायला मिळाला पाहिजे.